उसनी दिवाळी

सहामाही परीक्षेचे पेपर दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर तपासून द्यावे लागतात, हे मास्तर लोकांचे जुनेच दुखणे आहे. घरात करंज्यांचा वास सुटलेला, अंगणात पोरांची फटाक्यांच्या वाटणीवरून भांडणे जुंपलेली, आणि आपण मात्र तांबडे पेन घेऊन ‘माझा आवडता सण’ या विषयावरील निबंध वाचीत बसलेले! गेल्या वर्षी या निबंधांनी माझी पुष्कळ करमणूक केली आणि करमणुकीच्या पाठोपाठ काळजीही लावली. त्या दोहोंविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे. विषय वरवर पाहता यंत्रशास्त्राचा वाटेल. परंतु माझ्या मते तो वाङ्मयाच्या टीकेचाच आहे, आणि दिवाळी अंकात त्याला जागा मिळण्यास हरकत नसावी.

गठ्ठ्यात बावन्न पेपर होते. त्यांपैकी एकोणीस मुलांची दिवाळी एकच होती. एकोणिसांच्याही आया पहाटे चार वाजता उठत होत्या, एकोणिसांचेही बाबा ‘ऑफिसातून’ येताना मिठाईचा पुडा आणीत होते, आणि एकोणिसांनीही ‘सोसायटीतील मित्रांसह’ किल्ला बांधला होता. आता आमचे भोकर म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडील अंगाला असलेले, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. येथे सोसायटी म्हटली की लोकांना आठवते ती पीककर्जाची सोसायटी. तिच्या आवारात पोरांना किल्ला बांधू देतील असे मला वाटत नाही. ज्या मुलाच्या बापाची दिवाळी कापूस वेचायला माणसे मिळत नाहीत या विवंचनेत जाते, त्याचाही बाप निबंधात इस्त्रीचे कपडे घालून कचेरीतून घरी येत होता.

मुलांवर रागावण्यात अर्थ नव्हता. आमच्या लहानपणी हेच काम गाइडे करीत. परंतु सबंध तालुक्यात गाइडे असत दोन किंवा तीन, त्यामुळे कोणत्या पोराने कोणत्या गाइडाला हात घातला हे मास्तरांना पहिल्या ओळीवरूनच कळे. आता गाइडाची जागा मोबाइलने घेतली आहे. मी त्या सामाईक निबंधाचे पहिले वाक्य, दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे देऊन, गूगलच्या शोधपेटीत घातले. तोच निबंध निरनिराळ्या नावांच्या संकेतस्थळांवर, निरनिराळ्या रंगांच्या चौकटींत आणि निरनिराळ्या जाहिरातींच्या गर्दीत एकामागून एक पुढे आला. कोठे ‘आई’ची ‘मम्मी’ झाली होती, कोठे चकलीच्या आधी चिवडा आला होता, एवढाच काय तो फरक. आणि तळाशी शोधयंत्राची एक नम्र सूचना होती: वर दाखविलेल्यांशी फारच मिळत्याजुळत्या नोंदी गाळल्या आहेत, हव्या असल्यास पुन्हा शोध घ्यावा.

ती सूचना वाचून मी थबकलो. मी बावन्न पेपर वाचून जो निष्कर्ष काढला होता, तोच या यंत्राने अब्जावधी पाने वाचून काढला होता, आणि माझ्यापेक्षा अधिक सभ्य भाषेत सांगितला होता.

हे यंत्र वाचते तरी कसे, हे मी तेव्हापासून शिकत आलो. आरंभीची शोधयंत्रे फार भोळी होती. १९९५ साली ‘अल्टाव्हिस्टा’ नावाचे यंत्र निघाले, त्या काळात शोधलेला शब्द पानावर किती वेळा आणि कोठे आला यावर पुष्कळ भिस्त असे. साहजिकच लोक तो शब्द पन्नास वेळा लिहू लागले. कित्येक महाभाग तर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिहीत, म्हणजे माणसाला दिसू नये आणि यंत्राने मात्र मोजावे. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी निराळा विचार मांडला. एखाद्या ग्रंथाचा आधार इतर किती ग्रंथकार घेतात, आणि आधार घेणारे स्वतः किती वजनाचे आहेत, यावरून पंडित लोक त्या ग्रंथाची किंमत करतात. तीच रीत त्यांनी पानांना लावली. गूगलची उभारणी या पायावर झाली. आज तो क्रम ठरविताना शेकडो गोष्टी पाहिल्या जातात, त्यांतील ही एक.

परंतु आमच्या एकोणीस दिवाळ्यांशी ज्याचा थेट संबंध पोहोचतो, तो विचार त्याच्याही एक वर्ष आधीचा, १९९७ सालचा आहे. आंद्रे ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्टाव्हिस्टाने गोळा केलेली तीन कोटी पाने तपासली आणि एकमेकांसारखी पाने ओळखण्याची एक युक्ती काढली. युक्ती अशी, की मजकूर शब्दाशब्दाने तपासायचा नाही; लागोपाठच्या शब्दांचे लहान तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर थोडा चढवायचा, छपरावरची कौले एकमेकांवर चढवितात तसा. या तुकड्यांना त्यांनी नावही छपरावरच्या फळ्यांचेच दिले. आमच्याकडील जुनी घरे माळवदाची, तेव्हा आमच्या पोरांना ही उपमा जरा परकी. म्हणून मी ती फळ्यावर लिहूनच दाखविली. ‘दिवाळी हा सर्वांचा आवडता सण आहे’ या वाक्यात तीन-तीन शब्दांचे तुकडे चार पडतात: ‘दिवाळी हा सर्वांचा’, ‘हा सर्वांचा आवडता’, ‘सर्वांचा आवडता सण’, ‘आवडता सण आहे’. एखाद्या हुशार पोराने ‘सर्वांचा’ खोडून ‘साऱ्यांचा’ लिहिले तर तीन तुकडे बदलतात. पोरांना वाटले, जिंकलो! परंतु तीनशे शब्दांच्या निबंधात असे तुकडे दोनशे अठ्ठ्याण्णव पडतात. त्यांतले तीन बदलले तरी बाकीचे दोनशे पंचाण्णव ओरडून सांगतात की हा माल उसना आहे. ब्रोडर यांच्या तपासणीत त्या तीन कोटी पानांपैकी सव्वा कोटीच्या आसपास पाने दुसऱ्या कोणत्या तरी पानाशी अशी जुळणारी निघाली. मोबाइल खेड्यापाड्यांत पोहोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

या बाबतीत एक गैरसमज फार पसरला आहे. संकेतस्थळे बांधून देणारी तरुण मंडळी सांगतात, ‘सर, कॉपी केलं की गूगल शिक्षा करतं.’ सामान्यतः तसे होत नाही. एकाच दुकानाच्या दोन पत्त्यांवर एकच माहिती असते, एकच बातमी दहा पत्रांत छापून येते. यात लबाडी नाही हे यंत्र जाणते. ते फक्त अशी सारखी पाने एका जुडीत बांधते आणि जुडीतून एकच पान प्रमुख म्हणून पुढे करते. आपल्या अनेक प्रतींपैकी प्रमुख कोणती, हे संकेतस्थळाच्या मालकाला खुणेने सांगता यावे म्हणून गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून २००९ साली एक सोयही करून दिली. शिक्षा आहे ती दुसऱ्यांचा मजकूर घाऊक रीतीने उचलून दुकान थाटणाऱ्यांना. बाकीच्यांच्या वाट्याला येते ते नुसते गाळले जाणे. शिक्षा झालेल्याकडे निदान लोक वळून पाहतात.

मराठवाड्यातील माणसाला हे सारे वाचताना पैठण आठवल्यावाचून राहत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशास सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षांच्या आत तिच्या इतक्या नकला झाल्या, नकलाकारांनी आपल्या पदरच्या इतक्या ओव्या तीत घातल्या, की मूळ कोणते आणि भर कोणती हे उमगेनासे झाले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती मिळवून, ताडून, ग्रंथ शुद्ध केला. आणि यापुढे जो यात आपली ओवी मिसळील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा अर्थाचा इशारा शेवटी देऊन ठेवला. नकलांच्या जुडीतून प्रमुख प्रत निवडण्याचेच हे काम. आणि तो निवाडाही वादातीत राहिला नाही. १९०९ साली राजवाड्यांनी आपल्याला सापडलेली प्रत नाथांच्याही पूर्वीची म्हणून छापली, तेव्हा पंडितांत केवढी चर्चा झाली! नाथांना जे चुकविता आले नाही, ते यंत्राला चुकविता येईल असे कोणी समजू नये.

नकलेला पुढे नवे कपडे मिळाले. कोणते शब्द लोक फार शोधतात ते पाहायचे, आणि त्या शब्दांभोवती स्वस्तात, घाईघाईने, काहीही न सांगणारा मजकूर रचायचा, असे कारखानेच परदेशात निघाले. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने आपल्या क्रमवारीत जो बदल केला त्याने अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल हलले आणि या कारखान्यांपैकी कित्येक जमिनीवर आले. या बदलाला ‘पांडा’ म्हणतात. पुष्कळांनी त्याच्या लेखांवर अस्वलाची चित्रे छापली. वास्तविक ते नाव नवनीत पांडा या अभियंत्याच्या आडनावावरून पडलेले आहे. येथे प्रश्न नकलेपुरता राहिला नाही. शब्द सगळे स्वतःचे, तुकडे कोणाशी जुळत नाहीत, तरीही पानात वाचण्यासारखे काही नाही, अशा लेखनाचे काय करावे, असा प्रश्न यंत्रापुढे आला. आम्हा मास्तरांपुढे आणि टीकाकारांपुढे तो नेहमीचाच आहे. उसने न घेताही माणूस शिळे लिहू शकतो. कादंबरीकार म्हणून मला हे अनुभवाने ठाऊक आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीतील एकही वाक्य कोणाचे चोरलेले नव्हते, आणि त्यातील एकही माणूस मी पाहिलेला नव्हता.

२०२२ साली गूगलने पाने पारखणाऱ्या आपल्या माणसांसाठीच्या सूचनांत एका शब्दाची भर घातली. ज्ञान, अधिकार आणि विश्वास या तीन कसोट्या आधीच होत्या. त्यांच्या जोडीला ‘अनुभव’ आला. लिहिणाऱ्याने ती वस्तू वापरली आहे का, त्या ठिकाणी तो गेला आहे का, हे पाहा, असे त्या सूचना सांगतात. या पारख्यांच्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रम थेट बदलत नाही. यंत्राचे निकाल बरे येत आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी ते गुण असतात. तरी यंत्राने कोणीकडे जावे अशी त्याच्या मालकांची इच्छा आहे, हे यावरून कळते. मार्च २०२४ मध्ये आणखी एक नियम आला: केवळ क्रमवारीत शिरण्यासाठी ढिगांनी केलेला निरुपयोगी मजकूर, तो माणसाने केलेला असो की यंत्राने, नियमाबाहेरचा समजला जाईल. हे सांगणे आता अगत्याचे झाले आहे, कारण एका दमात शंभर दिवाळ्या लिहून देणारी यंत्रे आज पोरांच्या खिशात आहेत, आणि त्या शंभरांचेही तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

मग आमचा तो ‘सोसायटी’चा निबंध इतके दिवस वरच कसा राहिला, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आणि लाजिरवाणे आहे. यंत्र असलेल्यांतून निवडते. नसलेले ते कोठून आणणार? इंग्रजीत एखाद्या गोष्टीवर लक्षावधी पाने असतात, तेथे नकलेला खाली ढकलायला तिच्याहून बरे काही तरी मिळते. मराठीत पुष्कळ विषयांवर बरे काही नसतेच. त्यात आमचा आरंभही अडखळता झाला. २००० च्या सुमारास अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास टंकात असत. माणसाला पडद्यावर मराठी दिसे, परंतु आत साठवलेली चिन्हे यंत्राला अर्थशून्य वाटत. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून होती, तिचा सरसकट वापर व्हायला मात्र बरीच वर्षे गेली. त्या काळात लिहिलेले कितीतरी अस्सल लेखन शोधाच्या दृष्टीने लिहिलेच गेले नाही. आजही आमच्याकडे जत्रेची माहिती, शाळेची सूचना, एखाद्या वृद्धाच्या आठवणी, सारे चित्र करून मोबाइलवर फिरवितात. दोन दिवसांत ते वाहून जाते आणि शोधणाऱ्याच्या हाती पुन्हा तो उसना निबंधच लागतो.

दुसऱ्यांना बोल लावताना माझी स्वतःची कथा सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल. आमच्या शाळेचे संकेतस्थळ काढायचे ठरले तेव्हा मजकुराचे काम माझ्याकडे आले. ‘सर कादंबऱ्या लिहितात’ ही माझी पात्रता. मी एका रविवारी बसून ‘परिसर-परिचय’ सिद्ध केला: माहूरची रेणुकामाता, पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. तिन्ही ठिकाणे मी पाहिलेली. पण लिहिताना मी तीन संकेतस्थळे पुढ्यात घेतली, ‘पवित्र’चे ‘पावन’ केले, ‘निसर्गरम्य’ तसेच ठेवले, आणि रात्री समाधानाने झोपलो. ते पान शोधात कोणाला सापडले असेल तर मला आश्चर्य वाटेल. त्याच स्थळावर, कारकुनाच्या आग्रहावरून, मी एक रूक्ष पानही लिहिले होते: कोणत्या तांड्यावरची आणि कोणत्या वाडीची मुले कोणत्या एसटीने येतात, शाळा सुटल्यावर गाडी कोठे थांबते, ओढ्याला पाणी आले की कोणत्या वाटेने जावे. त्यात एकही विशेषण नाही. पण त्या वाड्यांची नावे घालून कोणी शोध घेतला की ते पान पहिले येते. नवीन बदलून आलेल्या एका शिक्षकाला आमची शाळा त्याच पानावरून कळली. जगाच्या पाठीवर ती माहिती दुसरीकडे कोठे लिहिलेलीच नव्हती! या पानाचे महत्त्व ध्यानात यायला मला वर्ष लागले.

यंत्राचा निवाडा न्यायाचाच असतो, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या गावाचे नाव शोधले की गावाबरोबर भोकराच्या लोणच्याच्याही कृती येतात, म्हणून मी शाळेच्या स्थळावर भोकराच्या झाडावर एक लेख लिहिला: फळ केव्हा काढावे, त्याचा चीक बोटांना कसा चिकटतो, आम्ही लहानपणी त्याच गराने पतंग कसे चिकटवीत असू. दोन महिन्यांनी तो जसाच्या तसा एका मोठ्या बातमीस्थळावर ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ म्हणून झळकला. आणि शोधात तोच वर! कारण उघड आहे. त्या स्थळाकडे बोट दाखविणारे हजारो, आमच्या शाळेकडे बोट दाखविणारे कोण? जुडीतून प्रमुख प्रत निवडताना यंत्राने मोठ्या घरची निवडली. तक्रारीची सोय आहे. मी इंग्रजीतला नमुना शब्दकोश उघडून भरला आणि धाडला. लेख अजून तेथेच आहे. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा घालूनही नामदेवांचे कोणते आणि विष्णुदास नाम्याचे कोणते याचा घोळ अभ्यासकांना शतकानुशतके उपसावा लागला, तेथे माझ्या नावाची काय कथा!

असो. त्या बावन्न पेपरांतल्या एका पेपराविषयी सांगायचे राहिले. तो एका तांड्यावरच्या मुलीचा होता. शुद्धलेखनाच्या दृष्टीने भयंकर. ऱ्हस्वदीर्घाला तिने मुळी ओळखच दिली नव्हती. तिच्या निबंधात उटणे नव्हते, किल्ला नव्हता. अमावास्येच्या रात्री तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुली हातात दिवे घेऊन आधी नायकाच्या घरी आणि मग घरोघर ‘मेरा’ म्हणत कशा जातात, दुसऱ्या दिवशी फुले आणायला रानात कशा जातात, हे तिने दीड पानात लिहिले होते. तिची थोरली बहीण या साली शेवटची मेरा म्हणणार होती, कारण तिचे लग्न ठरले होते. गाणे म्हणताना ती मध्येच रडायला लागली आणि दिवा विझू नये म्हणून हिने तो आपल्या हातात घेतला, असे शेवटचे वाक्य होते. मी पहिल्या वाचनात त्या निबंधाला दहांपैकी पाच गुण दिले होते. ‘सोसायटी’च्या शुद्ध निबंधांना सात दिले होते. हे मी लपवीत नाही.

गुण मी नंतर बदलले. सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा तिला बोलावून विचारले, की हा निबंध शाळेच्या संकेतस्थळावर घालू का, तुझे नाव न देता. ती गोंधळली.

‘पण सर, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. यात काय आहे?’

‘कोणाला माहीत आहे?’

‘तांड्यावर. सगळ्यांना.’

मी मोबाइल काढून तिच्या समोरच शोध घेतला. बंजारा दिवाळीवर थोडे काही होते. त्यात तिच्या तांड्यावरचे काहीच नव्हते. तिने दोन पाने वाचली आणि नाक मुरडून म्हणाली, ‘सर, आमच्याकडे असं नाही करत.’ मग कसे करतात, म्हणून मी विचारले, तर सांगता सांगता ती एके ठिकाणी अडली. गाण्यातील एका शब्दाचा अर्थ तिला येत नव्हता. ‘आजीला विचारून येते,’ म्हणाली आणि निबंधाचे कागद माझ्या हातून परत घेऊन गेली.